कीपरकाकांची नजर

क्रिकेटच्या मैदानावर सगळ्यांत जास्त तोंड चालतं ते विकेटकीपरचं. बॉलरला चढवायचं, बॅट्समनला डिवचायचं आणि चेंडू पॅडला लागो की पोटाला, हात वर करून ओरडायचं, हे त्याचं कामच समजलं जातं. आमचे कीपरकाका मात्र मैदानावर जवळजवळ मुके असत. चेंडू बॅटची कड घेऊन त्यांच्या ग्लोव्हजमध्ये गेला की बॉलर नाचायला लागायचा, आम्ही बाकीचे घसा फाटेपर्यंत ओरडायचो आणि काका चेंडू हातात धरून अंपायरकडे बघत नुसते उभे राहायचे. अंपायरने विचारलं तरच बोलायचे. 'लागली' किंवा 'नाही लागली'. मी एकदा वैतागून विचारलं, "काका, तुम्ही ओरडत का नाही हो?" तर म्हणाले, "ओरडायला दहा जण आहात की रे तुम्ही. बघायला मी एकटाच आहे."

बहारीनमधल्या आमच्या त्या मराठी टीमचा मी कॅप्टन होतो. कॅप्टन म्हणजे काय, तर गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर तेरा जणांना फोन करायचे, त्यातल्या सहा जणांची कारणं ऐकून घ्यायची आणि शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, उजाडायच्या आत बर्फ घेऊन निघायचं. बारा वर्षं मी हे केलं. त्या दिवसांबद्दल काही लिहावं म्हणून बसलो तर आधी थकवाच आठवतो. हमद टाउनचा शेवटचा राउंडअबाउट मागे टाकला की आमचं मैदान लागायचं. गवताचं एक पातं नाही. सगळीकडे वाळू आणि खडी, मध्ये सिमेंटची पट्टी आणि तिच्यावर खिळे ठोकून ताणलेली काथ्याची मॅट. उन्हाळ्यात साडेपाचला पहिला चेंडू पडायचा, कारण नऊ वाजले की माणसं पटापटा सावली शोधायला लागायची. तिथे सावली म्हणजे फक्त आपापल्या गाडीची.

पगारी अंपायर आणण्याइतकी आमची लीग मोठी नव्हती. जी टीम बॅटिंग करत असेल तिचेच दोन गडी टोपी घालून अंपायर म्हणून उभे राहायचे, अशी पद्धत. आता आपल्याच माणसाला कोण आऊट देणार? त्यामुळे दर शुक्रवारी कुठल्या ना कुठल्या मैदानावर भांडण ठरलेलं. बोलाचाली, मॅच अर्धवट, नंतर आठवडाभर व्हॉट्सअ‍ॅपवर शिमगा. आमच्या मॅचमध्ये हे कधी झालं नाही, आणि त्याचं कारण काका. समोरच्या टीमचा अंपायर, मग तो मल्याळी असो, पाकिस्तानी असो की बंगाली, कड लागल्याचा संशय आला की सरळ स्टंपांच्या मागे बघायचा. "बोलो, अंकल?" काका जे सांगतील ते खलास. बाद झालेला बॅट्समनसुद्धा बॅट काखेत मारून मुकाट चालू लागायचा. आम्हाला याचा अभिमान होता, म्हणजे जोवर निकाल आमच्या बाजूने लागत होते तोवर होता.

काकांच्या दहा बोटांपैकी सरळ अशी तीन होती. उरलेली वेगवेगळ्या दिशांना वळलेली. कुठलं बोट कुणाच्या बॉलिंगवर गेलं, हे ते न चुकता सांगत. "ही करंगळी तुझी," असं मला पहिल्याच सीझनमध्ये सांगून त्यांनी ती माझ्या नाकासमोर धरली होती. मी तेव्हा मिडियम पेस टाकायचो, निदान माझा तसा समज होता. इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये काकांनी एखाद्याकडे बोट दाखवून "तुम्ही बोला" म्हटलं, की त्याच्या शेजारचा उठून बोलायला लागायचा. काकू म्हणत, "यांना भाजी आणायला सांगायची सोय नाही. हे भोपळ्याकडे बोट दाखवतात आणि भाजीवाला वांगी तोलतो." काका हसायचे. आपल्या बोटांचं त्यांना मुळीच वाईट वाटत नसे.

कीपिंग त्यांच्याकडे घरातूनच आलेलं होतं, आणि ती हकिकत बहारीनमधल्या निम्म्या मराठी माणसांना पाठ होती. मला तर जास्तच, कारण शुक्रवारी काका गुदैबियाहून निघून हूऱ्याला मला गाडीत घ्यायचे आणि परतताना तेच सोडायचे. परतीच्या वाटेवर पणजोबा सुरू व्हायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे पणजोबा दक्षिणेकडच्या एका छोट्या संस्थानात खाजगीकडे कारकून होते. राजेसाहेबांना क्रिकेटचा नाद. त्यांनी मैदान करून घेतलं, कँपातून गोऱ्यांची टीम बोलावली आणि मग लक्षात आलं, की आपल्याकडे कीपर नाही. कचेरीत वरून फेकलेली फायलींची बासनं हा कारकून एका हाताने झेलतो असं कुणीतरी सांगितलं, आणि त्याला धोतर खोचून स्टंपांच्या मागे उभं केलं. त्या वेळचे ग्लोव्हज पातळ. पणजोबा आत जुन्या लुगड्याच्या घड्या घालायचे. सात वर्षं त्यांनी कीपिंग केलं, कितीही वेगाचा बॉलर असो, स्टंपांना खेटून उभं राहून.

"आणि मग काय झालं माहितीये?" काका विचारायचे. मला माहीत असायचं. तरी मी "काय?" म्हणायचो.

मग एका मॅचला राजेसाहेब स्वतः बॉलिंग टाकत होते. पाहुण्यांचा साहेब पुढे सरसावला, चुकला, आणि पणजोबांनी बेल्स उडवल्या. हे सांगताना काका स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी स्टंपिंग करून दाखवायचे. सिग्नलला असलो तर ठीक, नाही तर मी डोळे मिटून घ्यायचो. राजेसाहेबांनी अपील केलं. अंपायर म्हणजे संस्थानातल्याच शाळेचे ड्रिलमास्तर, त्यांनी घाबरत घाबरत पणजोबांकडे बघितलं. पणजोबा म्हणाले, "पाय आत होता, सरकार." संध्याकाळी वाड्यावरून बोलावणं आलं. राजेसाहेबांनी समोर बसवलं आणि म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे, नजरही चांगली आहे. पण आम्हाला आमच्या बाजूचा कीपर हवा." खलास. त्यानंतर पणजोबांनी ग्लोव्हज घातले नाहीत. सगळ्या कारकिर्दीचा पुरावा म्हणजे एक फोटो, आणि त्यातही पुढच्या माणसाच्या पगडीने त्यांचं अर्धं तोंड झाकलेलं. "कारकीर्द संपली बघ एका 'नाही'वर," काका म्हणायचे आणि गियर टाकायचे. त्यांच्या आवाजात दुःख नसायचं. घरात कुणी पेशव्यांचा फडणवीस होऊन गेला असता तरी त्यांना याहून जास्त मोठेपणा वाटला नसता.

नोकरीतही ते कीपरच होते म्हणायला हरकत नाही. फॅब्रिकेशनच्या एका यार्डात वेल्डिंग इन्स्पेक्टर. पाइपाचा सांधा टॉर्च मारून बघायचा, आत आरसा घालून मागची बाजू बघायची, आणि खडूने टिक मारायची किंवा फुली. त्यांच्या सहीशिवाय पाइप पुढे सरकत नसे. शिफ्ट संपत आली की सुपरवायझर घाई करत मागे लागायचा, "यल्ला, सर, यल्ला, साइन करो." काका आरशातून मान वर न काढता म्हणायचे, "यल्ला बोलनेसे जॉइंट नहीं पकडता." हा किस्सा मला त्याच सुपरवायझरने सांगितला होता. तो काकांवर चिडायचा, पण स्वतःच्या हातचं अवघड काम असलं की काकांची ड्युटी असेल त्या दिवशीच तपासायला लावायचा.

आता त्या फायनलकडे यावंच लागेल. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या वर्षांत आमची टीम पहिल्यांदाच फायनलला पोचली होती. समोर हूऱ्यातल्या हॉटेलांत काम करणाऱ्या पोरांची टीम. त्यांची शेवटची जोडी खेळत होती आणि त्यांना तीन रन हवे होते. आमच्या बॉलरने चांगला चेंडू टाकला, बॅटची कड लागली, चेंडू खाली झुकत गेला. काकांनी पुढे झेप घेतली आणि वाळूच्या धुरळ्यातून चेंडू घेऊन उठले. आम्ही सगळे ओरडलो. कुणी स्टंप उपटायला धावला. त्यांचाच अंपायर, बिचारा, त्याचं बोट अर्धं वर गेलंही होतं. पण सवयीने त्याने विचारलं, "बोलो, अंकल?"

काका कपड्यांवरची वाळू झटकत म्हणाले, "टप्पा पडा था. नॉट आऊट."

पुढच्या चेंडूला चौका गेला.

मी पहिल्या स्लिपला उभा होतो, काकांपासून दोन हातांवर. टप्पा पडला होता. वीतभर पुढे पडला होता, आणि मी तो स्वच्छ बघितला होता. हे मी त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही. हूऱ्याची पोरं काकांना येऊन मिठ्या मारत होती. आमची पोरं न बोलता किट भरत होती. परतताना गाडीत त्या दिवशी पणजोबा निघाले नाहीत. राउंडअबाउट मागून राउंडअबाउट गेले. मग काका म्हणाले, "वाईट वाटलं रे, कॅप्टन. पण टप्पा होता." मी "हं" म्हणालो. "मीही बघितला, काका," एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मला राग आला होता, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

पुढच्या आठवड्यात गुदैबियातल्या एका हॉटेलात चहाला जमलो, काकांना वगळून. "टीमचा कीपर आहे का लीगचा?" एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, "हरिश्चंद्र व्हायचं असेल तर घरी व्हा म्हणावं." नवा पोरगा होता एक, पंचविशीचा, चपळ, आणि ओरडायला खणखणीत. ठरलं. काकांना सांगायचं काम अर्थात कॅप्टनचं.

काका मला त्यांच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे किराण्याच्या दुकानाच्या, दारात भेटले. हातात कोथिंबिरीची जुडी आणि लबानची, म्हणजे इथल्या ताकाची, बाटली. मला खरं कारण सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण ज्या माणसाला खरं बोलल्याबद्दल आपण काढतोय, त्याला ते तोंडावर कसं सांगायचं? जीभ रेटेना. मग मी एक सभ्य खोटं शोधून काढलं.

"काका, हल्ली तुमची नजर जरा कमी पडतेय असं वाटतं," मी म्हणालो. "मागे बाइजचे चौके गेले दोन-तीन. वयही होतंय. या सीझनला विश्रांती घ्या."

काकांनी कोथिंबिरीची जुडी दुसऱ्या हातात घेतली. मला वाटलं, चिडतील. चिडले असते तर फार बरं झालं असतं.

"तुला तसं वाटतंय?"

"हो."

"मला काही जाणवलं नव्हतं," ते म्हणाले. "पण तू स्लिपला असतोस. तुला कळणारच."

आणि कोथिंबीर सांभाळत जिना चढून गेले. संस्थानातल्या त्या राजेसाहेबांनी निदान समोर बसवून खरं कारण सांगितलं होतं. मला तेवढंही जमलं नाही.

ज्यांनी कधी कीपिंग केलं नाही त्यांना कदाचित हे पटणार नाही, पण कीपर आणि पहिली स्लिप यांच्यात एक विश्वास असतो. कुणी कुठला झेल घ्यायचा, हे ओरडून ठरवायला वेळ नसतो. वर्षानुवर्षं शेजारी उभं राहून ते कळायला लागतं. काकांनी माझं बोलणं त्या विश्वासाने घेतलं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर त्यांनी हसण्यावारी नेलं असतं.

दोन महिन्यांनी कळलं की काका डोळे तपासून आले. डॉक्टर म्हणाला, सगळं उत्तम आहे, वाचायला थोडा नंबर लागेल. काकांना ते खरं वाटेना. मला भेटले तेव्हा म्हणाले, "मशीनला काय कळतंय रे? अक्षरं काय, जागची हलत नाहीत. चेंडूचं तसं नसतं." मग एक दिवस ते बसस्टॉपवर दिसले. गाडी विकली होती. "उगाच कुणाच्या अंगावर घालायला नको," म्हणाले. सांगायची वेळ तीच होती. मी त्यांना माझ्या गाडीत घेतलं, यार्डापर्यंत सोडलं, वाटेत उकाड्याबद्दल बोललो आणि परत आलो.

मग तीही ड्युटी गेली. म्हणजे कुणी काढली नाही, त्यांनीच मॅनेजरला जाऊन सांगितलं, की माझ्या नजरेची मलाच खात्री नाही, मला इन्स्पेक्शनवरून काढा. मॅनेजरने समजावलं म्हणे. पण ज्याचं 'हो' आणि 'नाही' सगळं यार्ड मानत होतं, तोच जर म्हणाला की मला नीट दिसत नाही, तर मॅनेजर काय करणार? काका कागदपत्रांच्या टेबलावर बसायला लागले. दुसऱ्यांच्या सह्यांचे कागद फाइलला लावायचे. जॉइंट बघायचे नाहीत.

आमची टीम पुढच्या वर्षी कप जिंकली. नवा कीपर दर चेंडूला ओरडायचा, आणि कधी कधी अंपायर कंटाळून बोट वर करायचा. हळूहळू आमच्याही मॅचमध्ये भांडणं व्हायला लागली. स्टंपांच्या मागे बघून "बोलो" असं आता कुणी म्हणत नव्हतं. कप कुठल्या तरी कपाटात आहे. मला त्याचा आनंद झाला होता का, हेही आता नीट आठवत नाही.

दर महिन्या-दोन महिन्यांनी मी ठरवायचो, आता सांगायचं. आज ऑफिसचं काम आहे, रमदान संपू दे, दिवाळीचा कार्यक्रम होऊ दे, इंशाल्ला पुढच्या आठवड्यात. आपल्याला वाटतं खोटं एकदाच बोलायचं असतं. ते रोज नव्याने बोलावं लागतं, गप्प राहून. मी थकलो त्याने. टीमची कॅप्टनकी सोडली, शुक्रवारी उशिरापर्यंत झोपायला लागलो, तरी थकवा गेला नाही.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात मंडळाचा क्रीडादिवस होता. शाळेच्या मैदानावर टेनिस बॉलची मॅच, नवरे विरुद्ध बायका, हसण्याखिदळण्याचा मामला. काकांना आग्रह करकरून कीपिंगला उभं केलं. त्यांनी ग्लोव्हज घातले, वाकले, आणि क्षणभर मला वाटलं, सगळं पूर्वीसारखं आहे. कुणाची तरी बॅट लागली, काकांनी चेंडू घेतला. अंपायर होते मंडळाचे सेक्रेटरी, जुने माणूस. त्यांनी हसत विचारलं, "काय काका, लागली का?"

काकांनी चेंडूकडे बघितलं. "मला नीट दिसलं नाही," ते म्हणाले. "कॅप्टनला विचारा."

मी बाहेर खुर्चीवर बसलो होतो, हातात भेळेची प्लेट. मॅचमध्येही नव्हतो. सगळे हसले, त्यांना ती गंमत वाटली. काका हसत नव्हते. ते खरंच माझ्याकडे बघत वाट पाहत होते. मी काहीतरी बोललो, 'नाही लागली' असं बहुतेक. मॅच पुढे सुरू झाली. मी भेळेची प्लेट खुर्चीखाली सरकवली.

यंदा त्यांच्या कंपनीने कागदपत्रांची टेबलं कमी केली. सगळं कॉम्प्युटरवर गेलं. इन्स्पेक्टरची त्यांना गरज होतीच, माणसं मिळत नव्हती, पण काका आता इन्स्पेक्टर नव्हते. व्हिसा रिन्यू झाला नाही. तेवीस वर्षांचं बहारीन महिनाभरात आवरायचं होतं. निघायच्या आधीच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेलो, खोकी कार्गोवाल्याकडे पोचवायला मदत करतो असं सांगून. दुपारची असरची नमाज नुकतीच संपली होती, खाली रस्त्यावर गर्दी परत सुरू झाली होती. घरात बसायला जागा नव्हती. काकू स्वयंपाकघरात भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. काका जमिनीवर बसून खोक्यांना टेप लावत होते.

"काका, एक सांगायचं होतं."

"सांग की. हे टोक धर तेवढं."

मी टोक धरलं. "तुमच्या नजरेला काही झालं नव्हतं. मी खोटं बोललो होतो."

"कधी?"

"टीममधून काढलं तेव्हा. तुम्ही फायनलला खरं सांगितलंत म्हणून सगळ्यांना राग आला होता. मलाही. त्यासाठी काढलं. ते तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून नजरेचं सांगितलं."

काकांनी टेप खाली ठेवली. मी शिव्यांची वाट बघत होतो. चार वर्षं मी या प्रसंगाची मनात तालीम केली होती आणि प्रत्येक तालमीत ते मला शिव्या देत, दार दाखवत. मी ते पत्करून आलो होतो.

"म्हणजे तो फायनलचा झेल..." ते सावकाश म्हणाले.

"टप्पा पडला होता, काका. मी बघितला."

"तू बघितलास?"

"स्वच्छ. वीतभर पुढे."

"दाखव."

मला कळेना. त्यांनी दोन खोकी ओढून स्टंपांच्या जागी ठेवली, स्वतः मागे उकिडवे बसले, मला हाताला धरून शेजारी स्लिपच्या जागी उभं केलं. गुडघे कुरकुरले, तरी तसेच बसले. "कुठं पडला दाखव." मी वाकून फरशीवर बोट टेकलं. काका पुढे सरकले आणि त्या फरशीकडे बराच वेळ बघत राहिले.

"हां," ते म्हणाले. "तिथंच. मलापण तिथंच दिसला होता." त्यांचे डोळे भरून आले आणि चेहऱ्यावर असं हसू आलं, की मला बघवेना. त्यांनी तिथूनच हाक मारली, "अगं, ऐकलंस का? टप्पा पडला होता! कॅप्टनने बघितलाय!"

काकू दारात येऊन उभ्या होत्या. घर केवढंसं, त्यांनी सगळंच ऐकलं होतं. त्या काकांकडे नाही, माझ्याकडे बघत होत्या.

"रोज सकाळी उठले की आधी एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचतात," त्या म्हणाल्या. "मग दुसरा झाकून वाचतात. चार वर्षं. मी रोज म्हणते, अहो, बरोबर वाचलंत. तर म्हणतात, तुला पाठ असेल."

मी टेप उचलून परत खोक्याला लावायला घेतली.

"जाऊ दे गं," काका म्हणाले. "सांगितलं ना आता त्यानं."

"आता," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. भांडी गुंडाळल्याचा आवाज परत यायला लागला. त्या घरात मला कुणी चहा विचारला नाही असं पहिल्यांदाच झालं. ते बरोबरच होतं. काकांच्या मनात माझ्याबद्दल राग नव्हता. त्यांच्या आनंदात रागाला जागाच उरली नव्हती. त्यांचा राग काकूंनी घेतला होता, आणि कुणीतरी तो घ्यायलाच हवा होता.

आम्ही खोकी खाली नेली, माझ्या गाडीत भरली. काका दर खोक्यामागे त्या झेलाचं काहीतरी आठवून सांगत होते. वाळू कशी उडाली, चेंडूची शिवण कुठे होती, ग्लोव्हजच्या टोकाला तो कसा आपटला. चार वर्षांत इतकं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. शेवटचं खोकं ठेवून डिकी लावली. मी निघणार तेवढ्यात ते खिडकीपाशी आले. तो हसरा चेहरा जरा गंभीर झाला होता.

"कॅप्टन, एक विचारू?"

"विचारा ना, काका."

"तिकडं गेल्यावर गाडी चालवली तर चालेल ना रे? तुला काय वाटतं?"

इतकं सगळं सांगून झाल्यावर, फरशीवर बोट टेकवून दाखवून झाल्यावरही, ते मलाच विचारत होते.

"चालवा की, काका," मी म्हणालो. "तुम्हाला उत्तम दिसतं."

"तू म्हणतोस म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि कठड्याला धरून, एकेक पायरी बघत, जिना चढायला लागले.